फैलका बेटावर ओहोटीच्या वेळी

लग्न होऊन रत्नागिरीहून कुवेतला आले ती साठच्या दशकात. हे फहाहीलच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. वाळू बघून बघून मी कंटाळले आणि म्हटलं, मला समुद्रावर न्या. दुकानाचे गिऱ्हाईक अबू सालेम फैलका बेटावर मासेमारी करायचे. त्यांचं बोलावणं होतंच.

शुक्रवारी सकाळी शहरापर्यंत बस, पुढे लाकडी लाँच. भाडं किरकोळ, पण वारा उलटा असला की प्रवास लांबतो. डोक्याला रुमाल आणि सोबत पाणी हवंच. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या घरात नवराबायकोचा अबोला चालू होता.

अबू सालेम तरुणपणी गलबतावरून मुंबईला येत, त्यामुळे हिंदी झकास. त्यांनीच सांगितलं. ओहोटीला मासा अडकावा म्हणून किनाऱ्यावर बोरूचं कुंपण रोवायचं. जागा वडिलांपासूनची, पण हल्ली तिथे मासा येत नव्हता. बोरू एकाच कुंपणापुरता उरला होता. यंदाही हात रिकामे राहिले तर बेट सोडून मुलाकडे शहरात जावं लागणार होतं. बायको, उम्म सालेम, म्हणत होती जागा बदला. ते ऐकेनात.

ती मला ओहोटीला शिंपल्या वेचायला घेऊन गेली. नवऱ्याकडून उचललेल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, पूर्वी इथे रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात उभे असत, आता त्यांचं पाऊलही बुडत नाही. गाळ चढलाय. मासा इथवर न येता त्या खडकापाशीच वळतो.

जेवायला भात आणि झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, वाळल्या लिंबाच्या आंबट रश्श्यात. मी भीतभीत सांगितलं की माझ्या माहेरीही खाडी गाळाने भरली तेव्हा जाळ्यांचे खुंट हलवले होते.

अबू सालेमनी घास थांबवला. "मग मासा आला?"

"आला. पण लगेच नाही."

"हिला मासा लगेच नकोच आहे," ते हसून म्हणाले. "माझी जागा मात्र लगेच हलवायची आहे."

दुपारी आम्ही चौघांनी बोरूच्या मोळ्या खडकापाशी वाहून नेल्या. माझ्या हातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणात चार खेकडे आणि थोडी बोई मासळी. उम्म सालेम तेवढ्यावरही खूश होती.

काही आठवड्यांनी अबू सालेम मासळीची पाटी घेऊन फहाहीलला आमच्या घरी आले. म्हणाले, "गावात सांगतो, जागा मी शोधली. तुम्हाला खरं सांगायला आलो, ती बायकोने शोधली."

कुवेतमध्ये पुढे बरीच वर्षं काढली, पुष्कळ फिरले. पण या देशात आपलं कुणी आहे असं पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी, मासे साफ करताना.