मास्तरांची चिवट कुकी

माझ्या व्याह्यांनी मला एक कुकी चारून फसवले आणि माझ्या एकुलत्या मुलीची दिवाळी कायमची आपल्या घरी नेली. मी बैलबाजारात उभे आयुष्य काढलेला माणूस. फुलसावंगीला दुसऱ्याचे बैल हाकण्यापासून सुरुवात केली, आणि आज माझ्याशी सौदा करायला माणसे घरून जेवून येतात. पण ढाणकीच्या या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांपुढे माझे काही चालले नाही. सबंध यवतमाळ जिल्ह्यात एवढा निरागस दिसणारा आणि एवढा धोकादायक माणूस दुसरा नाही.

मास्तरांना ओट्स आणि मनुकांच्या कुक्या घरी भाजण्याचे वेड आहे. पीठ मळून झाले की ते त्यात तापाचे थर्मामीटर खुपसतात आणि "अजून अंग गरम आहे तिचं, पडू द्या थोडी," म्हणत गोळा फ्रीजमध्ये निजवतात. घरात कोणाला खरेच ताप आला, तर आधी थर्मामीटरला चिकटलेली मनुका काढावी लागते. ओव्हन चालू असताना कोणी शिंकायचे नाही. एकदा ऐन भाजणीत लाइट गेली. पलीकडच्या गल्लीत होती. मास्तरांनी गरम ओव्हन गोधडीत गुंडाळून स्कूटरवर मागे बसलेल्या आपल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या आजच्या जावयाच्या, मांडीवर दिला, आणि जिथे सत्यनारायण चालू होता त्या घरात शिरून चौरंगाशेजारच्या बोर्डात वायर खोचली. जमलेल्या बायकांनी ओव्हनलाही हळदकुंकू वाहिले. "आरती होईस्तोवर उघडू नका," एवढेच मास्तर म्हणाले. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी प्रसादाआधी कुकी खाल्ली, असे अजून बोलतात.

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती कुकी मी पहिल्यांदा पाहिली. दाबली तर दबली. मी म्हणालो, "मास्तर, बिस्किटं सादळली तुमची."

"सादळली नाही, इवाई. मुद्दाम चिवट ठेवली. कुरकुरीत तं दुकानातबी भेटते."

अजून काहीच ठरले नव्हते, तरी मी त्यांचा इवाई, म्हणजे व्याही! मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते. माझी अट एकच होती, मुलगी दिवाळी माहेरी करेल. ती मांडायला तोंड उघडले, तोच मास्तरांनी प्रेमाने त्यात अख्खी कुकी घातली. वरची दाढ खालच्या दाढेला चिकटली. आणि नेमके तेव्हाच ते म्हणाले, "आमच्या घरात पोरगी नाही हो. तुमची पोरगी दिवाळीले इथंच राहीन. चालते ना?" मी जबडा सोडवायला मान वरखाली करत होतो. बैठकीतले सगळे आनंदाने ओरडले, "हो म्हणून राह्यले!" बोलता येईना, म्हणून मी सवयीने दुपट्टा ओढला आणि त्याखाली मास्तरांची दोन बोटे आवळली. बैलांचा सौदा असाच कपड्याखाली होतो. अर्थ सरळ होता, एक दिवाळी तुमची, एक माझी. मास्तरांचे डोळे भरून आले. "अजून दोन मांगून राह्यले," असे म्हणून त्यांनी माझ्या हातात दोन कुक्या ठेवल्या.

"मंग मान कायले हलवली तुम्ही?" परतताना बायकोने विचारले. मी तिच्यावर खेकसलो असतो, पण तोंड अजून पुरते सुटले नव्हते.

गेल्या दिवाळीत पाडव्याला भांडायचेच ठरवून ढाणकीला गेलो. दारातूनच ओरडलो, "मास्तर, बाहेर या!" बाहेर आली मुलगी, नाकाला पीठ लागलेली. "बाबा, हळू बोला! आत फुगून राह्यल्या." मग ती आणि मास्तर ओव्हनच्या काचेला डोळे लावून बसले आणि कशावरून तरी इतके हसले, की मास्तरांचा चष्मा खाली पडला. ती एवढ्या मोठ्याने हसते हे मला माहीतच नव्हते. मी माझे भांडण तसेच परत घेऊन आलो.

पण प्रकरण मिटलेले नाही. आमच्या अंगणातली रांगोळी आता तिची आई एकटीच काढते, आणि मी उगाच पणत्या इकडच्या तिकडे करत बसतो. दोघांना फराळाचा एक डबा संपत नाही. याचा जाब मास्तरांनी मला द्यावा. समोर बसून द्यावा, आणि बोलणे पुरते होईपर्यंत माझ्यापुढे बशी सरकवू नये.