वस्तीच्या मोटारी आणि माझा मदरबोर्ड

नवा प्रोसेसर बाजारात आला, तसा तो साताऱ्याच्या माझ्या दुकानातही आला. तो ज्यावर बसवायचा, तो मदरबोर्ड मात्र कुठंच मिळेना. तरी मी कोरेगावजवळच्या वस्तीवरल्या एका निवृत्त सुभेदारांना सांगून बसलो, "साहेब, शनिवारी मशीन चालू म्हणजे चालू!"

त्यांच्या मुलीला पुण्याच्या एका ऑफिसात नोकरी मिळणार होती, पण शनिवारी संध्याकाळपर्यंत इमारतीचं थ्रीडी चित्र पाठवलं तरच. तिचं जुनं मशीन त्या चित्राच्या भाराखाली अर्ध्यातच बंद पडायचं.

शेवटी सांगलीत एक बोर्ड मिळाला, तिथल्या दुकानातला शेवटचा. एसटीत तो मांडीवर असा जपून धरला, की शेजारच्या बाईंनी सरकून जागा दिली.

शनिवारी सुभेदारांच्या घराच्या सोप्यात जोडणी झाली. सुभेदारांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, मशीनला हळदकुंकू लावलं. मी ऐटीत बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बोर्ड जुन्या खेपेतला, त्यातलं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा आतला प्रोग्रॅम, प्रोसेसरच्याही आधीचं. नव्या पाहुण्याला ते ओळखतच नव्हतं. मुलीनं जुन्या मशीनवर नवं फर्मवेअर उतरवून पेनड्राइव्हवर दिलं. तो मशीनच्या मागं खुपसून तिथलं बारकं बटण दाबलं, तसा दिवा लुकलुकू लागला.

"हा थांबायच्या आत वीज गेली, तर बोर्ड मेला," मी म्हणालो. "दुसरा न्हाई."

यूपीएस दुकानातच होता. एवढ्याशा कामाला कशाला, म्हणून मीच ठेवून आलो होतो.

सुभेदार स्विचसमोर सावधान उभे राहिले. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "आवं, हिरीवरच्या मोटारींची लाईट यायची वेळ झाली की!"

सगळ्या विहिरींवर मोटार आपोआप चालू करणारे ऑटो बसवलेले. लाईट आली की मोटारी एकदम उठतात आणि घरातले पंखे मान टाकतात. जन्मभर बघितलेली गोष्ट, मला सुचली नव्हती.

"मी जागा सोडत न्हाई. तू पळ!" सुभेदार गरजले.

मी बांधावरून ओरडत सुटलो, "ऑटो काढा! मोटारी लावू नका!"

"का रं गड्या, हिरीत कोण पडलं व्हय?" शेतातून एकानं विचारलं.

"कॉम्प्युटर!"

दम लागल्यावर तोंडातून तेवढंच निघालं. माणसं दोर घेऊनच धावली. त्यांना थोपवून, ऑटो काढायला लावून परतलो, तर लांबची एक मोटार घुमलीच. सोप्यातला दिवा मिणमिणला. बोर्डावरचं लुकलुकणं चालूच होतं... मग थांबलं. मी बटण दाबलं. पडदा उजळला. मुलगी लगेच कामाला बसली.

दिवस मावळता मावळता चित्र पुण्याला गेलं. काकींनी चहा टाकला. मी कपाला तोंड लावतोय, तोच दारातून एका शेतकऱ्याचा आवाज आला, "आता तरी लावायच्या का रं मोटारी? मोटारींची लाईट तर कवाच गेली!"

मोटारी लावा म्हणून सांगायला मी विसरलो होतो.

मुलीला नोकरी लागली. मला अजून त्या वस्तीवर कुणी बघितलं, की आधी विचारतो, "कॉम्प्युटरवाले, पाणी पाजू का उसाला?"