आवतण दिलेला बैल

नांदेडहून लातूरकडे जाताना आमच्या बांधाला लागून पत्र्याचा एक भलामोठा लाल बैल उभा होता. एका तेल गिरणीने सरकी पेंडीच्या जाहिरातीसाठी तो उभारला होता. गिरणी बंद पडली, पेंडीचं नाव उन्हाने उडालं, बैल तेवढा राहिला. पुढे तो टेम्पोंच्या मागे, लग्नपत्रिकांवर, पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांच्या टी-शर्टांवर जाऊन बसला. मराठवाडा म्हटलं की लोक तोच दाखवू लागले. लाल म्हणजे आमच्या नांदेडकडच्या कंधारी जातीचा, हे उघड आहे; तरी लातूरचे माझे सासरे त्याला त्यांच्याकडचा काळा-पांढरा देवणीच म्हणत आणि रंगाचं खापर रंगाऱ्यावर फोडत.

घरोघर ट्रॅक्टर आले, तशी आसपासची माणसं पोळ्याचा नैवेद्य त्यालाच दाखवू लागली. माझे बाबा त्यांच्याही पुढचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शिडी लावून वर चढायचे, पत्र्याच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे आणि रीतीप्रमाणे म्हणायचे, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” मला हे सगळं खुळं वाटायचं.

यंदा रस्ता रुंद करणारे नेमके त्याच संध्याकाळी बैल काढायला आले. मी धावत पोचलो तेव्हा सांगाड्याचे दोन लोखंडी पाय गॅस कटरने कापून झाले होते. आणि पलीकडच्या बाजूने बाबा केव्हाच वर चढले होते, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वारा आला की सांगाडा कुरकुरायचा आणि त्याच्याबरोबर बाबाही हलायचे.

“बाबा, खाली या.”

“न्हाई येत. हळद लावलीय, आवतण दिलंय. जेवल्याबिगर हलवू देत न्हाई.”

“अहो, पत्रा हाय तो.”

सत्तरी ओलांडलेला माणूस, हात सुटला तर खाली खडी. भीतीपेक्षा मला रागच जास्त आला होता.

बाबा माझ्याकडे न बघता बैलाच्या मानेकडे बघत बोलले. “आपली शेवटची जोडी अशीच गेली. खांदे मळून झाले, आवतण दिलं, अन् व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. मी दावी सोडून दिली. उपाशी गेले ते.”

जोडी विकली हे मला ठाऊक होतं. आवतण देऊन विकली, हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

क्रेनवाला कंधारचा, पिकल्या दाढीचा माणूस. त्याने इंजिन सुरू केलं. “चाचा, ऐकून राहिलो मी. आधी बैलाला पट्ट्यात धरतो, मग तुम्ही उतरा. हलू नका.”

मजुरांनी पोटाखालून पट्टा घातला, तेवढ्यात सांगाडा एका अंगाला कलला. बाबांनी बैलाची मान कवटाळली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पट्टा ताठ झाला होता आणि बैल तिरका होऊन थांबला होता. बाबा शिडीने उतरले. मी धरायला गेलो तर त्यांनी माझा हात झिडकारला.

रस्त्याच्या कामावरच्या साहेबांचा फोन आला. क्रेनवाला म्हणाला, “क्रेनचा पाईप फुटला साहेब. मशीन हलत न्हाई. परवा बघू.” पाईप धडधाकट होता.

बैलाचा पोळा क्रेनच्या पट्ट्यातच झाला. पार नायगाव, उमरीकडून माणसं आली. बाबांनी लांब काठीला पुरणपोळी बांधून बैलाच्या तोंडाला लावली. काठी खालून मी धरली होती.

तिसऱ्या दिवशी उरलेले पाय कापले. बाबा घरीच बसतील असं मला वाटलं होतं, पण ते आले. लटकता बैल गरगरू नये म्हणून मजूर एक दोर धरतात. तो त्यांनी मागून घेतला, कासरा धरावा तसा धरला आणि बैलाला ट्रेलरपर्यंत चालवत नेलं. मग दोर क्रेनवाल्याच्या हातात दिला.

“जेवलाय,” म्हणाले. “आता न्या.”