श्रीखंडाच्या डब्यातली माती

मंदार गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरी, टार्निटला जाणाऱ्या ट्रेनमध्ये उभी होते. दीड महिना झाला. फोन त्याच्या युनिव्हर्सिटीतल्या सहकाऱ्याचा होता; 'अडचणीत कोणाला कळवायचं' या रकान्यात मंदारने माझा नंबर लिहून ठेवला होता. डोंगरात, भाड्याच्या गाडीत, स्टिअरिंगवर डोकं टेकून... हृदय बंद पडलं होतं. मी "थँक यू" म्हणाले. असल्या बातमीला कोणी थँक यू म्हणतं का?

आम्ही पुण्याहून एकाच वर्षी इथे परदेशात शिकायला आलो. मी नोकरी, घर, मुलगी सगळं रीतसर केलं. तो मातीत गेला, संशोधनाला. बर्फाच्या डोंगरांत स्नो गमची, म्हणजे निलगिरीच्याच एका जातीची, जुनी झाडं आहेत. त्यांच्या सालीखाली भुंगेऱ्याच्या अळ्या पोखरत फिरतात आणि अख्खे उतार वाळून जातात. लोक झाडं बघून हळहळायचे. हा झाडाखाली पालथा पडून जमिनीवर डबी उपडी ठेवायचा आणि माती किती कार्बन सोडते ते मोजायचा. "झाड मेलं की मुळं कुजतात," म्हणायचा. "थंडीने इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं माती सोडून देते का, तेवढंच बघायचंय."

भुंगेरा पोचण्याआधीची एका उताराची माती त्याच्याकडे होती, पिशवीभर. युनित जागा नाही म्हणून ती आमच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये आली. पिशवी फाटली तेव्हा मीच ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरली. चिठ्ठी नंतर लावू म्हटलं... आणि गणपतीच्या आधी, पुण्याहून आलेल्या आईने साफसफाई काढली. "तुळशीसाठीच ठेवलेलीस ना गं? घातली कुंडीत, विकतच्या खतात कालवून. तुम्ही इथे काय वाट्टेल ते फ्रीजमध्ये ठेवता!"

मंदार आला, कुंडीपुढे उकिडवा बसला, मातीत बोट घातलं. "मिसळली ना? मग गेली. नो वरीज." तोवर तो उतारही वाळला होता, तशी माती पुन्हा मिळणार नव्हती. आईला मात्र म्हणाला, "काकू, तुळस मस्त येणार."

नंतरही तो मोजायला जातच राहिला. एकदा मी चिडले, "आधीचंच नाही, तर आताचं कशाशी ताडून बघणारेस?"

"कशाशीच नाही. पण मरताना कोणीतरी जवळ असावं ना..."

त्याच्याजवळ कोणी नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

गेल्या आठवड्यात तो सहकारी पुन्हा बोलला. मंदारच्या वहीत नोंद होती: जुनी माती, गॅरेजच्या फ्रीजरमध्ये. त्याने ती खोडलीच नव्हती. माझी चूक कुठेच लिहिली नव्हती, आणि त्या एका ओळीच्या भरवशावर हे लोक त्याचं काम पुढे न्यायला निघाले होते. "इट्स गॉन, मेट," मी म्हटलं. "माझ्यामुळे." मंदारचं काम तिथेच संपलं.

तुळस थंडीत वाळलीच होती. परवा आईने फोनवर विचारलं, "पाणी घालतेस ना तुळशीला?" हो म्हणाले. ओल आणि ऊब मिळाली की माती धरलेलं सोडते, हे मंदारनेच शिकवलेलं. फोन ठेवला आणि कुंडी उचलून गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये ठेवली. मुलगी दारात उभी होती. "मम, दॅट वोन्ट हेल्प."

ठाऊक आहे मला. या वेळी चिठ्ठी मात्र लावली: मंदारची माती.