लेझरला लावला टेस्टर

काय सांगावं तुमाला, नाय ती शोभा मी नाशिकात भरदिवसा करून घेतली. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मंग मधी दात काढू नका.

आमच्या मंडळींना, मंदाला, शुगर हाय. कांदं निंदताना पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलं आन जखम काय भरंना. विंचूरचा डॉक्टर म्हनला, "आसंच ऱ्हायलं तर अंगठा काढावा लागंल." तवापासून ती पाय लुगड्याखाली झाकूनच बसायची.

मंग त्यानंच आमाला नाशिकला धाडलं. तिथं विद्यापीठाची मानसं आन दवाखान्याचे डॉक्टर मिळून लेझरच्या उजेडानं जखम भरती का ते बघतेत. मशीन विद्यापीठानं बनवलेलं, जखम बघनार डॉक्टर.

मी पयलंच इचारलं, "हितला मालक कोन?"

मशीनवाली पोरगी विद्यापीठाची. म्हनली, "मालक कोणी नाही काका. सगळे मिळून काम करतो."

"आमची विहीर बी सामायिक हाय," मी म्हनलो. "भांडनाबिगर मोटार चालू हुत नाय."

मंदानं मला चिमटा काढला.

पोरीनं सगळ्यांना निळं-हिरवं गॉगल दिलं. "काहीही झालं तरी काढायचा नाही." मी घातला. म्हनलं, विद्यापीठाचा मान ठिवावा. पोरीनं मशीनचं तोंड अंगठ्याकडं केलं, बटन दाबलं, आन म्हनली, "झालं चालू."

मी बघतोय. अंगठा दिसतोय. उजेड कुठंय?

"मंदे, गरम लागतंय का?"

"नाय वो."

"चटका? गुदगुल्या?"

"काय बी नाय. गप बसा."

आता माझं डोकं कसं गप बसंल? बायकोचा अंगठा जायची येळ आन ही पोरगी बंद मशीन धरून बसली. शेतकऱ्याच्या खिशात बिडी नसंल, पन टेस्टर आसतोच. उठलो आन सरळ बोर्डाला लावला. दिवा लागंना.

"आवो बाई, बोर्डात करंटच नाय. आमाला येड्यात काढता का?"

"काका, हात लावू नका," पोरगी वरडली.

तवर मी प्लग उपसला, फुकर मारली आन परत ठोकला. घरची मोटार आशीच चालू करतो मी. मशीननं कुई केलं आन गपगार झालं. डॉक्टर पळत आले, विद्यापीठाचे सर पळत आले, शिपाई बी आला.

सरांनी सगळं ऐकलं. मशीन बंद हाय का बघितलं आन म्हनले, "आता गॉगल काढा. टेस्टर लावून बघा."

लावला. दिवा लालभडक.

"लेझरचा उजेड लाल आहे," सर म्हनले. "तो डोळ्यात जाऊ नये म्हणूनच गॉगल. त्यातनं लाल दिसत नाही. लेझरचाही नाही आणि तुमच्या टेस्टरचाही."

खोलीत कुनी हासलं नाय, त्येचा जास्त राग आला. मंदा तेवढी भिंतीकडं तोंड करून हालत हुती.

मशीन परत नीट लावायला दुपार झाली. पोरगी रागावली बी नाय. उलट मलाच चहा पाजला. डॉक्टरनं बी लपवलं नाय: "हे संशोधन आहे, खात्री देत नाही. औषध, ड्रेसिंग, पथ्य, सगळं चालू ठेवायचं."

आमी जात ऱ्हायलो. मला दाराभायेर बाकडं ठरवून दिलं. हळूहळू जखमेच्या कडा आत सरकल्या, गुलाबी मांस धरलं. एक दिस डॉक्टरनं अंगठा दाबून बघितला आन म्हनले, "आता काढायची गरज नाही."

मंदा उलीशी रडली. मंग डोळे पुसून त्या पोरीला म्हनती, "बाई, लय उपकार झाले. आता एवढाच उजेड आमच्या मालकाच्या डोक्याव मारता का?"

पोरगी इचार करून म्हनली, "काकू, सध्या आमचं संशोधन फक्त बऱ्या होणाऱ्या गोष्टींवर चालू आहे."