घोंगडीवरचे पाय

घोंगडीवर पालथा पडला की माणूस आपोआप बोलायला लागतो. तोंड जमिनीकडं असतं ना, लाज वाटत नाही! इस्लामपुरात तालमीच्या सोप्यात मी आयुष्यभर लोकांची अंगं चोळली. किस्से साचणारच.

येणारा येतो कंबर धरून. मी धरतो पाय. मग भांडण!

*

एक कॉम्प्युटरवाला आला, हातात एमआरआयचं पाकीट. "आण्णा, दुखतंय कंबरेत, तुम्ही मांडी काय दाबताय?"

"म्हैस आखूड दाव्यानं बांधली की खुंटा हलतो. तू खुंटा बघतोयस, मी दावं सैल करतोय. बसून बसून मांडीच्या मागं आखडलंय तुझं."

पोटरीवर आलो नि हात थांबला. "तुझा आजा आष्ट्याचा का रं?"

"हो! तुम्ही ओळखत होता?"

"तोंड आठवत न्हाई. पोटरी हीच हुती."

पोरानं हळूच पाय ओढून घेतला.

*

उसाच्या ट्रॅक्टरचा एक ड्रायव्हर म्हणायचा, "आण्णा, पाठीवर कुणीतरी बसलंय." देवऋषी झाले, गंडे झाले. मी नुसत्या मांड्या मोकळ्या केल्या. गडी उठला, ताठ झाला.

"उतरली!" म्हणाला. कोपऱ्याकडं बघून हात जोडले नि गेला.

माझी म्हातारी त्या कोपऱ्यात अजून बसत नाही.

*

मेढ्याकडचे एक सुभेदार. डावा पाय गुडघ्याखाली सरहद्दीवर राहिला, तिथं प्लास्टिकचा पाय. कंबर अशी धरलेली की वाकता येईना. दोन दिवसांवर मुलीचं लग्न.

"आण्णा, पाटावर बसून कन्यादान करायचंय. खुर्चीत बसून पोरीचा हात देऊ व्हय?"

उजवा पाय दोन सकाळी चोळला. लोण्यासारखा झाला, पण कंबर सोडेना.

"डावा राहिला की," सुभेदार म्हणाले.

"आवं सुभेदार, तो न्हाई."

"दुखतोय तोच!"

त्यांनी प्लास्टिकचा पाय काढून भिंतीला लावला नि पालथे पडले. माणसाचं मन मोडवेना. हाताला तेल लावलं, गुडघ्याखालच्या मोकळ्या घोंगडीवर अंगठे टेकवायला गेलो.

टेकलेच नाहीत. घोंगडीच्या चार बोटं वरच अंगठे अडले.

गाठ होती. दाव्यासारखी ताठ. हळूहळू दाबत राहिलो.

"हां! तितंच, आण्णा, तितंच!"

गाठ सुटली. सुभेदार उठून बसले नि कपाळ गुडघ्याला टेकवलं. डोळ्याला पाणी.

लग्नात मी पुढंच होतो. सुभेदार प्लास्टिकचा पाय लावून पाटावर बसले, शेवटपर्यंत ताठ. मुलीचा हात स्वतःच्या हातानं दिला.

निघताना मुलगी वाकली. आधी उजव्या पायाला हात लावला, मग डाव्याला. तिथंच थांबली. वर बघितलं.

"आबा, ह्यो पाय ऊन कसा लागतोय वं?"