डोसाइल म्हशीचा पाडवा

नाव : पूर्णिमा जोतीराम पोवार. राहणार गंगावेश, शहर कोल्हापूर. जन्मवर्ष एकोणीसशे बहात्तर. शिक्षण : वाणिज्य शाखेची पदवी, द्वितीय श्रेणी. गणित : उत्तम. इंग्रजी शब्दसंपदा : अपुरी; सदर बाब बँकेच्या अधिकारी-परीक्षेत दोन वेळा रीतसर सिद्ध. उमेदवारास तिसरी व अखेरची संधी देण्यात येत आहे.

ही अखेरची संधी बँकेनं दिलेली नव्हती. ती तिच्या वडिलांनी, जोतीरामनं दिली होती.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जोतीरामच्या म्हशी उभ्या असत. गिऱ्हाइकानं ग्लास पुढं करायचा, समोर धार काढून घ्यायची आणि फेसासकट दूध पोटात घालायचं. या व्यवहारात तीन पिढ्यांत कुणाचं इंग्रजीवाचून अडलं नव्हतं.

"औंदा न्हाय जमलं तर मामाच्या पतसंस्थेत लाग," जोतीरामनं सांगून टाकलं.

मामाची पतसंस्था हातकणंगल्याला. काम दारोदार फिरून पिग्मी गोळा करण्याचं. संध्याकाळी मामा हिशेब घेणार आणि वर उपदेश देणार. पूर्णिमाला हिशेबाची भीती नव्हती.

पुस्तकातले शब्द पाठ व्हायचे आणि सकाळच्या धारेपर्यंत उडून जायचे. एकदा चंद्रा म्हशीनं पान्हा चोरला, धारच देईना. आंबोण ठेवलं, पाठ खाजवली, चार शब्द गोड बोलून पाहिले; म्हैस ढिम्म. पूर्णिमा वैतागून म्हणाली, "लई ऑब्स्टिनेट हायस बघ." हट्टी या अर्थाचा हा शब्द पुढं तिला कधी आठवावा लागला नाही, कारण तो रोज दोन वेळा दावणीला उभा असे.

मग एकेका म्हशीला एकेक शब्द मिळाला. जोतीरामला ते पटलं नाही.

"म्हशीचं नाव असं असतंय व्हय?"

"हाकेला येती न्हवं?"

"येती."

"मग झालं की, आबा."

कट्ट्यावर दूध प्यायला येणारी तालमीतली पोरं बिनदिक्कत "ऑब्स्टिनेटचं दूध द्या" म्हणू लागली. म्हशी संपल्या, शब्द उरले. तेव्हा पूर्णिमा माणसांकडं वळली. दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारे तालमीचे आण्णा वस्ताद टॅसिटर्न झाले. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. शेजारच्या अंबूबाईंना गॅरुलस मिळाला.

"म्हंजे काय गं?" अंबूबाईंनी विचारलं.

"ज्यांच्यापाशी बोलाय भरपूर असतंय, त्या."

"मग बरोबर हाय," अंबूबाई म्हणाल्या, आणि हे त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं. सांगायला दुपार लागली.

पद्धत फळली. राजारामपुरीतल्या क्लासात पूर्णिमाचे गुण चढत गेले. दिवाळीला महिना उरला असताना मात्र सराव-परीक्षेत तिनं 'डोसाइल' या शब्दापुढं 'आक्रमक' या अर्थावर खूण केली. सर म्हणाले, "अहो, डोसाइल म्हणजे गरीब, सांगेल ते ऐकणारा. हा तर सोपा शब्द."

सरांच्या घरी म्हैस नव्हती. पोवारांच्या दावणीची डोसाइल नाव ठेवलं तेव्हा खरोखरच गाईहून गरीब होती. मग ती व्याली आणि रेडकापाशी कुणाला फिरकू देईना. पूर्णिमाच्या नडगीवरचा वण अजून हिरवानिळा होता. अर्थ तिला पुस्तकातून माहीत होता. पण शब्द दिसला की आधी लाथ आठवायची.

"दुसरीला दे की ते नाव," जोतीराम म्हणाला.

"आता न्हाय व्हत. शब्द वाचला की हीच म्हस दिसती. आन् म्हस बदलली तशी बाकीचीबी बदलली तर? माझं सगळंच ह्यांच्यावर उभं हाय, आबा."

जोतीराम उठून डोसाइलच्या दावणीपाशी गेला. तिथूनच म्हणाला, "शब्द न्हाय बदलता येत. म्हस बदलता येती."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं डोसाइलचं सगळं आपल्या हातात घेतलं. पेंडीत गूळ, मानेला खरारा, रेडकू कायम तिच्या नजरेसमोर. जवळ जाताना तो तिच्याशी एकसारखा बोलत राही, इतका की अंबूबाईंना आपला शब्द जातो की काय असं वाटू लागलं. त्यानं लाथा खाल्ल्या, त्या मोजल्या नाहीत. पूर्णिमाला रोज समोर उभं राहून बघायला लावलं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं म्हैस उधळत आली पाहिजे. जितकी मस्तीत येईल तितका मालकाचा मान. जोतीरामचा मान जुना होता. त्या वर्षी त्यानं डोसाइल आणली.

गाडी भडभडली, फटाके वाजले, बाकीच्या म्हशी शेपट्या उभारून सुटल्या. डोसाइल चालत आली. गर्दीतून वाट काढत पूर्णिमापाशी थांबली आणि तिच्या हातातला गूळ खाऊ लागली.

"पावणं, म्हस हाय का मेंढी?" कुणीतरी ओरडलं. गर्दी हसली.

"डोसाइल हाय," जोतीराम म्हणाला, आणि फेट्याचा शेमला मागं टाकला. इतक्या वर्षांच्या पाडव्यांत त्याची छाती एवढी फुगलेली कुणी पाहिली नव्हती.

परीक्षा पुढच्या पंधरवड्यात झाली. डोसाइल आला, विरुद्धार्थी शब्दांत. पूर्णिमाला गुळानं चिकट झालेला आपला तळहात आठवला आणि पेन्सिल अडली नाही. ऑब्स्टिनेट आला, टॅसिटर्न आला, जणू सगळा कट्टाच पेपरला बसला होता. इंग्रजीत ती उत्तीर्ण झाली, मुलाखतीतही निघाली. निकालाच्या दिवशी आण्णा वस्ताद कट्ट्यावर आले, दुधाचा ग्लास तिच्या दिशेनं उंचावला आणि म्हणाले, "मारलीस." त्यांच्या मानानं हे भाषण होतं. हातकणंगल्याच्या मामांना जोतीरामनं स्वतः जाऊन पेढे दिले, आणि उपदेश न घेता परत आला.

सदर उमेदवाराची आंग्ल भाषेतील प्रगत शब्दसंपदा समाधानकारक आढळल्याने तिची परिविक्षाधीन अधिकारी या पदावर नियुक्ती करण्यात येत असून, तिने शाखेत सकाळी ठीक दहा वाजता रुजू व्हावे, असं बँकेनं कळवलं.

त्या सकाळी ऑब्स्टिनेटनं पान्हा चोरला, आणि पूर्णिमा अकराला पोचली.